कुटुंबात कोण कोण येतं?

"तीन नसा बंद आहेत, बा. बायपास करावी लागेल," वापीचे डॉक्टर म्हणाले. बा म्हणजे आई, तिकडची गुजराती हाक. माझ्या सासूने, मी तिला आईच म्हणते, त्यांना विचारलं, "मग दाताचं काय?"

दाताचं, कारण तिचा जबडा दुखायचा. आमच्या गावी, नरपडला, सुक्या मासळीची टोपली उचलली की दुखायचा, खाली ठेवली की थांबायचा. आम्ही शहाण्यांनी तिचा दात काढून आणला! बायांनो, हृदयाचं दुखणं छातीतच येतं असं नाही. श्रमाने जबडा दुखत असेल तर आधी ईसीजी, म्हणजे हृदयाची पट्टी, काढून घ्या. अँजिओग्राफीत, म्हणजे नसांत रंग सोडून अडथळा बघतात त्या तपासणीत, आमचं खरं कारण कळलं.

मी आरोग्य विम्याचं कार्ड घेऊन कॅशलेसच्या खिडकीवर गेले. आईची व्हीलचेअर मागेच होती. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आई कुटुंबात येत नाही. फक्त बायको आणि मुलं."

माझं डोकंच फिरलं. आमचे हे तलासरीच्या कारखान्यात कामाला. योजनेचा हप्ता त्यांच्या पगारातून कापला जातो. विकणाऱ्या कंपनीने गेटवर हा एवढा मोठा बॅनर लावला होता, 'संपूर्ण कुटुंब निर्धास्त', आणि चित्रात आजी-आजोबासुद्धा हसत बसलेले. समजावायला आलेला माणूस तर म्हणाला होता, "घरातलं कोणी सुटत नाही."

आईने सगळं ऐकलं. त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे, 'आमचं कुटुंब' म्हणे. सासरे हयात होते तोवर तिला तसंच म्हणायचे. आता ती पायाने चपला चाचपायला लागली.

"चल गो घरी. मी कुटुंबात नाही, तर छाती फाडून घेऊ कोणासाठी?"

तिला परकं केल्याचं लागलं होतं. मला रडू आलं आणि रागही आला. "गप बस," मी म्हटलं, "तू गेलीस तर मला ओरडणार कोण?" तेव्हा कुठे ती थांबली.

डॉक्टरांनी शब्द टाकला आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. नंतर तिला स्पायरोमीटर दिला. श्वास आत ओढून त्यातले गोळे वर न्यायचे, म्हणजे फुप्फुसं मोकळी होतात. एक गोळा वर गेला की ती मला शिवी द्यायची आणि दुसऱ्याच्या मागे लागायची. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, हेही लक्षात ठेवा, नाहीतर टाके ओढतात.

ती घरी आल्यावर आम्ही डहाणूच्या एका वकीलबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "हप्ता तुमच्या पगारातून जातो, म्हणून तुम्ही ग्राहक. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात चालत नाही. वर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण कुटुंब' म्हणायचं आणि आई नाही हे खाली बारीक अक्षरांत लपवायचं, याला आपण जाब विचारू शकतो." मला वाटत होतं, आपणच वाचलं नाही म्हणजे चूक आपलीच. तुम्हालाही असं वाटत असेल तर आधी विचारा. योजनेत कोण कोण येतं, ते नावानिशी लिहून मागा.

नोटीस गेल्यावर बॅनर उतरला. भरपाईची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालू आहे. सुनावणीला आई हट्टाने आली. कंपनीचे वकील पुन्हा तेच म्हणाले, पॉलिसीतली कुटुंबाची व्याख्या वेगळी आहे.

आयोगाच्या मॅडमनी आईला विचारलं, "आजी, तुमच्यासोबत या कोण?"

आईने माझं मनगट धरलं. "ही? हे माझं कुटुंब."

सगळे हसले, कंपनीचे वकीलसुद्धा. म्हातारी चुकली, असं त्यांना वाटलं. निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण माझ्यापुरता तो तिथेच लागला.