तांदळाचा धान

कुडवा गावातल्या त्या कॉम्प्युटरवाल्याकडे मी मोबाइलमध्ये गाणी भरायला जायचो. हेडफोन तो सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, एकच कान झाकायचा आणि गिऱ्हाइकाकडे न बघताच बोलायचा. एमपीथ्री म्हटलं की त्याचं तोंड वाकडं. "गाण्याले कायले भरडून राहिले जी? फ्लॅक करा. पोत्यात धान दाबून भरल्यावानी. फाइल लहान होते, पन एक दाना जात नाही."

तरीही आईने म्हटलेलं, मी रेकॉर्ड केलेलं धानाच्या रोवणीचं गाणं मी हट्टाने एमपीथ्रीच करून घेतलं आणि जागा पुरेना म्हणून मूळ फाइल पुसून टाकली.

आई गेल्यावर ते मोठ्या स्पीकरवर लावलं, तर आवाज पत्र्यासारखा वाजला. मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "हे पहिल्यासारखं करून द्या."

"तांदळाचा धान होते का जी?" तो खेकसला.

मग खणातून एक हार्ड डिस्क काढून त्याने माझ्या गावाच्या नावाचं फोल्डर उघडलं. मला न सांगता त्याने आईचं मूळ गाणं फ्लॅक करून ठेवलं होतं.

त्याची परत मोठी फाइल करता करता, नेहमीसारखाच न बघता तो म्हणाला, "बिजाईचा धान कोनी भरडते का?"