बसऱ्याला फोन लागत नाही

जगाच्या राजकारणातलं लालबागमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणजे शिर्केसाहेब पेपर मोठ्याने वाचतात आणि मी ऐकतो. मध्येच डोळा लागला तर तेवढा देश राहून जातो!

आमच्या चाळीच्या कॅरमच्या खोलीत आम्ही तिघं. शिर्केसाहेब बँकेतून रिटायर, दत्ताराम गिरणीतला जुना फिटर आणि मी निव्वळ उपद्रवी. जिन्याखाली जुन्या सायकली साठतात तसे आमचे किस्से साठलेत. कुणी नेत नाही, कुणी टाकतही नाही.

*

संपात गिरणी गेली तेव्हा दत्ताराम इराकला गेला. बसऱ्याला, तेलाच्या पायपा जोडायला. तिथे त्याला जब्बार भेटला. आपल्याकडच्या कामगारांकडून मोडकीतोडकी हिंदी शिकलेला. दत्तारामला 'सदीक' म्हणायचा, म्हणजे दोस्त. घरी नेऊन जेवायला घालायचा. पुढे तिकडे गडबड झाली आणि दत्ताराम परत आला.

मग बऱ्याच वर्षांनी मोठ्या देशांचं सैन्य तिथे उतरलं. आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो. शिर्के मिसाईल समजावून सांगतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि हा दत्ताराम उठून पडद्याला नाक लावून उभा!

"काय शोधतोस रे?"

"गल्ली खंयची ती बघतंय."

शिर्के ओरडले, "अरे बाजूला हो, युद्ध दिसत नाहीये!"

*

तेव्हापासून जब्बारचा फोन लागत नाही. दत्ताराम तरी अधूनमधून लावतोच. पलीकडून एक बाई अरबीत काहीतरी बोलते, रेकॉर्ड केलेली. हा पूर्ण ऐकतो. संपलं की पुन्हा लावतो.

त्याची बायको वैतागते, "माझं बोलणं कधी इतकं ऐकलंत?"

मी एकदा विचारलं, "काय सांगते रे ती बाई?"

"म्हायत नाय. पण तकडची तरी आसा."

*

शिर्क्यांचं मत ठाम. "तिथला राज्यकर्ता लोकांना छळत होता. कुणीतरी आत शिरायलाच हवं होतं! तेलाचं काय घेऊन बसलात?"

दुसऱ्याच दिवशी चहात साखर कमी म्हणून शिर्क्यांनी घरात आवाज चढवला. मी तडक आत घुसलो. "वहिनी, घाबरू नका! तुम्हाला मुक्त करायला आलोय!" असं म्हणून सरळ स्वयंपाकघर गाठलं, रेग्युलेटर काढला आणि सिलिंडर गडगडवत गॅलरीत आणला.

"अहो, भांडण आमचं! सिलिंडर कुठे नेताय?"

"साहेब, स्वातंत्र्य काय फुकट येतं?"

वहिनी पदर खोचून बाहेर आल्या. "भावोजी, सिलिंडर ठेवा. ह्यांना न्या!"

शिर्के त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मत मात्र बदललं नाही.

*

मी दत्तारामलाही सोडत नाही. म्हटलं, "तू कसला साव? तूपण परकाच, तूपण तेलासाठीच गेलेलास!"

तो सोंगटीला नेम धरत म्हणाला, "माका बोलावल्यानी म्हणान मी गेलंय. आणि जब्बाराच्या घरात व्हाणां भायर काढून गेलंय. त्यांनी काढल्यानी?"

राणी घेतली पठ्ठ्याने.

*

परवा शिर्क्यांनी बातमी वाचली. पुन्हा कुठल्यातरी तेलवाल्या देशात बाहेरचं सैन्य शिरणार म्हणे, तिथल्या जनतेच्या भल्यासाठी. शिर्के म्हणाले, "चला, पेट्रोल उतरेल!" दत्तारामने स्ट्रायकर बोर्डवर ठेवला आणि डाव अर्धा टाकून घरी गेला. दुसऱ्या दिवशी खाली उतरलाच नाही.

आपल्याच्याने असली शांतता सोसवत नाही. शिर्क्यांच्या सुनेचा मोबाईल मागून घेतला, अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे लपलो आणि दत्तारामचा नंबर लावला. घसा खरवडून, नाकातून, "सदीक! मैं जब्बार! बसरा से!"

पलीकडून दत्ताराम हळूच म्हणाला, "जब्बार... तू है?"

"है, है!"

"तेरा घर है?"

"है."

"आंगन में खजूर का झाड था, वो?"

"वो भी है." माझं हसू कुठे गेलं कळेना.

"लडकी का शादी हुआ?"

"हुआ. बच्चे भी हैं."

"अच्छा हुआ रे. मैं बहुत फोन लगाया. इधर सब बोलते थे, तुम लोग का भला हो रहा है. मैं टीवी में तेरा गल्ली ढूंढा, मिला नहीं." मग त्याने विचारलं, "तेल निकलता है अभी?"

"बहुत निकलता है."

"किसके वास्ते?"

आता ह्याला जब्बार काय सांगेल? मी मान वर केली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्यावर कोपर टेकून, फोन कानाला लावून दत्ताराम उभा. थेट माझ्याकडे बघत.

"दत्त्या, अरे मी..."

"तू गप ऱ्हव मेल्या! मी जब्बाराशी बोलतंय."