वतीने लिहिण्याआधी

मुळेबाबूंचे हात टाइपरायटरवर एकाच ठिकाणी थांबत. मसुद्यात 'ऑन बिहाफ ऑफ' आलं की कागद रोलरवर तसाच ठेवून ते उठत आणि ज्याच्या वतीने पत्र जायचं, त्याला शोधायला निघत.

भोपाळच्या आमच्या कारखान्यात ते कार्मिक विभागाचे मुख्य टंकलेखक होते. मूळचे ग्वाल्हेरचे; त्यांच्या मराठीत हिंदी सहज मिसळे. एकदा चौघांनी कँटीनबद्दल तक्रार आणली, सर्व कामगारांच्या वतीने. "सगळ्यांना पूछलं? नाही? मग तुमची चार नावं सांगा. वतीने म्हणजे विचारून." पत्र चार नावांनीच गेलं. लोक त्यांना चक्रम म्हणत. कामं खोळंबत हे खरंच होतं, मीही वैतागायचे.

मला त्याच विभागात नोकरीला लागून सात महिने झाले होते. नागपूरचं स्थळ आलं. मुलीने नोकरी सोडावी ही त्यांची अट. बाबा त्याच कारखान्यात फोरमन. एका दुपारी मला न सांगता ते राजीनाम्याचा इंग्रजी मसुदा घेऊन मुळेबाबूंकडे आले. इंद्रपुरी वसाहतीत दोघं शेजारी, दर रविवारी पत्ते ठरलेले. मुळेबाबूंनी 'ऑन बिहाफ ऑफ माय डॉटर'पर्यंत टाइप केलं आणि तीन टेबलं ओलांडून माझ्याकडे आले. मागोमाग बाबा.

"कुमुद, तुझ्या वतीने राजीनामा लिहितोय. तू सांगितलंयस का?"

बाबा म्हणाले, तिला काय विचारायचं, मी बाप आहे तिचा.

"बाप आहात, कबूल. पण नोकरी तिची जातेय."

मी समोरच्या फाइलकडे बघत म्हणाले, "नाही सांगितलं."

त्यांनी परत जाऊन कागद रोलरमधून ओढला, बाबांच्या हातात दिला आणि पुढचं पत्र लावलं. स्थळ गेलं. रविवारचे पत्तेही बंद झाले, ते कायमचे. मी अजून त्याच विभागात आहे. मुळेबाबूंनी त्या दुपारचा विषय पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या मुलाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून सांत्वनाचं पत्र इंग्रजीत लिहायला घेतलं. 'ऑन बिहाफ ऑफ माय फादर'पाशी हात थांबला. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. जाऊन विचारलं, तुमच्या वतीने लिहू का?

त्यांनी पेपरची घडी घातली.

"माझ्या वतीने नको," ते म्हणाले. "पेन दे इकडे."