डाव्या बाजूचा माऊस

ऑफिसात कुणाच्या मुलाला गेमिंगसाठी माऊस घ्यायचा असला की लोक मला विचारायला येतात. मी दरवेळी एकच सांगतो, साधा घ्या. दोन बटणं, मधे चाक, खाली लाल दिवा, बस. हलका असतो, मनगट दुखत नाही, नेम धरताना हात कुठे अडत नाही. त्याचे दोषही सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. वर्ष-दीड वर्षात बटण एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं वागतं, चाक कुरकुरायला लागतं, अंगठा टेकायला जागा नसते आणि खेळात बॉम्ब फेकायचा तर कीबोर्डकडे धावावं लागतं. हे सगळं मी अगदी जाणकाराच्या थाटात बोलतो. त्याचा सगळ्यात मोठा गुण मात्र सांगत नाही. तो दोन्ही बाजूंनी सारखा असतो, कुठल्याही हाताने धरता येतो. ते बोलायला गेलं की मला भाईंदरच्या इंद्रलोक कॉम्प्लेक्समधला आमचा हॉल आठवतो आणि माझी मलाच लाज वाटते.

मुंबईतली खोली विकून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा घरात तीनच माणसं होती. आई, नोकरी करणारा दादा आणि कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला मी. हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. आला होता दादाच्या पगारातून, पण मी तो माझाच समजायचो. बंदुकीचा एक खेळ तेव्हा सगळी पोरं खेळायची. सायबर कॅफेत एकमेकांविरुद्ध आणि घरी सरावाला एकट्याने. कॉम्प्लेक्समध्ये माझ्या नेमाची जरा हवा होती, आणि ती माझ्या डोक्यात गेलेली होती.

त्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. वहिनी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तरी मला अहो-जाहो करायची. मी मात्र तिला सरळ ‘अगं’ म्हणायचो. कामाला ती चोख होती, पण हळू. भाजी चिरायला बसली की तास लावायची. ‘हिचा हातच उठत नाही,’ असं आई शेजारी सांगायची.

एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो. आई आत झोपली होती. वहिनी कॉम्प्युटरसमोर बसून माझाच खेळ खेळत होती. माऊस कीबोर्डच्या डावीकडे, डाव्या हातात. उजव्या हाताची बोटं बाणांच्या बटणांवर. आणि समोरची माणसं पटापट पडत होती. मला पाहिल्यावर तिने माऊस झटकन उजवीकडे ठेवला.

“भाऊजी, आईंना सांगू नका हं.”

“खेळलीस त्यात काय एवढं?”

“खेळल्याचं सांगा हवं तर. हाताचं तेवढं नका सांगू.”

मग मला सगळा उलगडा झाला. आमच्या आईला डाव्या हाताचं भारी वावडं. डाव्या हाताने वाढलेलं ती खायची नाही, प्रसादाला कुणी डावा हात पुढे केला तर चारचौघांत झापायची. वहिनी जन्माची डावखुरी. घरात सगळं उजव्या हाताने करत होती, म्हणून हळू. माहेरच्यांनीच तिला बजावून पाठवलं होतं. गणपतीला दोनच महिने होते, सुनेचा पहिला गणपती, आणि मोदक तिने करायचे असं आईने जाहीर केलं होतं. वहिनी दुपारी कणकेच्या गोळीवर उजव्या हाताने कळ्या पाडायचा सराव करायची. कळ्या फाटायच्या. मग कंटाळली की तासभर कॉम्प्युटर. “इथे कुणी बघत नाही ना,” ती म्हणाली.

मी शब्द दिला. अगदी छातीवर हात ठेवून.

मग आमचं रोजचं सुरू झालं. दहा मिनिटं तिची, दहा माझी, कोण जास्त मारतो. पहिला आठवडा मी जिंकलो आणि तिला शिकवण्याचा आव आणला. “बटणं उलटी करून देऊ का गं? सेटिंग असतं.” ती म्हणाली, “कशाला? डावं बटण दाबायला मधलं बोट आहे की.” दुसऱ्या आठवड्यात ती बरोबरीला आली. त्यानंतर मी जिंकलो असं मला आठवत नाही. ती हरवायची आणि वर म्हणायची, “भाऊजी, आज तुमचं लक्ष नव्हतं.” त्या समजुतीनेच माझा जास्त जळफळाट व्हायचा. एकदा मित्र घरी आले, पडद्यावरचा आकडा बघून म्हणाले, “ये किसका स्कोर है?” मी म्हटलं, “मेरा, और किसका!” वहिनी चहाचे कप गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

मी भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो आणि गेमिंगचा माऊस दाखवायला सांगितलं. दुकानदाराने एक फुगीर, तिरका माऊस काढला. अंगठ्यासाठी खाच, बाजूला दोन जादा बटणं. “ग्रिप मस्त है,” तो म्हणाला, “सिर्फ लेफ्टी लोगों के काम का नहीं है.” मी तोच घेतला. साइड बटणांसाठी घेतला असं मी घरी सांगितलं. जुना माऊस ड्रॉवरमध्ये टाकला.

वहिनीने त्या दुपारी तो डाव्या हातात धरून बघितला. अंगठ्याची खाच भलतीकडे, करंगळी त्या जादा बटणांवर पडायची. “छान आहे हो,” म्हणाली, आणि उजव्या हाताने खेळून सपाटून हरली. मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही मान खाली जाते.

चार दिवसांनी मी घरी आलो तर तिने ड्रॉवरमधून जुना माऊस काढून लावला होता. गोल पिनेचा माऊस चालू मशीनला लावून चालायचा नाही, म्हणून तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला होता. सकाळपासून लावलेलं माझं डाउनलोड गेलं. राग यायला एवढं निमित्त पुरे होतं. मी आवाज चढवला. “डाव्या हातानेच खेळायचं असेल तर स्वतःचं मशीन घे! माझ्या वस्तूंना हात लावू नकोस!”

जीभ घसरली, असं पुढे मी दादाला सांगितलं. ते खोटं होतं. बाथरूममध्ये नळ वाहत होता. आई उठली आहे हे मला माहीत होतं. ‘डाव्या’ हा शब्द मी मोठ्याने म्हटला तो तिने ऐकावा म्हणूनच.

नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत दारात आली.

“डाव्या हाताने? म्हणजे?”

वहिनी उभी राहिली. हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे वळून माऊस बदलायला लागलो.

आई ओरडली नाही. “मोदक यंदा मी एकटीच करीन,” एवढंच म्हणाली. संध्याकाळी दादा आला, त्याला कळलं. “मला पण नाही सांगितलंस?” तो तिला म्हणाला. गणपतीच्या दिवशी वहिनीला केळीची पानं पुसायला दिली. ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसून पानं पुसत होती, उजव्या हाताने. मोदक सुबक झाले होते, आल्यागेल्याने तोंडभरून कौतुक केलं.

पुढे आई निवळली. दोन-तीन वर्षांनी वहिनी मोदकही करायला लागली. कॉम्प्युटरसमोर मात्र ती परत बसली नाही. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही, चहा वेळेवर द्यायची, ‘भाऊजी’ही म्हणायची.

मी माफी मागितली नाही. गणपती गेल्यावर नवा माऊस काढून एका मित्राला देऊन टाकला आणि जुना लावला. कॉलेजला निघताना मी तो कीबोर्डच्या डावीकडे ठेवायचो. तोंडाने काही बोलायची माझी हिंमत नव्हती, तेवढंच जमत होतं. संध्याकाळी यायचो तेव्हा टेबल स्वच्छ पुसलेलं असायचं आणि माऊस उजवीकडे असायचा, वायर नीट गुंडाळून ठेवलेला.