सुलभाताईंचं लॉगिन

देव-भूत-ज्योतिष यातलं मी काहीच मानत नाही. माझं काम छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळण्याचं. काहीतरी बिघडलं तर त्याला कारण असतंच, आपणच शोधायला कमी पडतो... इतकं साधं गणित. म्हणून हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय.

घाटकोपर पश्चिमेला चष्म्याच्या काचा बनवणारं एक युनिट आहे. मालक शहाभाई. सकाळी त्यांचा फोन आला, ‘‘मॅडम, वाट लागली. कोणाचंच लॉगिन होत नाय.’’

गेले. दोष लगेच सापडला. चुकीचे पासवर्ड फार पडले की सर्व्हर थोडा वेळ सगळ्यांनाच बाहेर ठेवतो, ही सेटिंग मीच केलेली. आणि चुकीचे पासवर्ड सतत पडत होते... एकाच नावाने, तिथे काम करणाऱ्या सुलभाताईंच्या. तेही त्यांच्याच कम्प्युटरवरून.

‘‘ताई कुठायत?’’

‘‘रजेवर. काल संध्याकाळीच गावाला गेल्या, कणकवलीला.’’

त्यांचा कम्प्युटर बंद होता. मी प्लग काढला, नेटवर्कची वायर काढली. सर्व्हरवर चुकीच्या पासवर्डच्या नोंदी येतच राहिल्या. मग दुसरं कोणी त्या मशीनचं नाव वापरत असणार! इंटरनेट तोडलं, वायफाय बंद केलं, एकेक कम्प्युटर बाजूला काढला. शेवटी सर्व्हर एकटाच उरला, कशालाही न जोडलेला... आणि स्क्रीनवर पुन्हा तेच. सुलभा – पासवर्ड चुकीचा. सुलभा – पासवर्ड चुकीचा.

घाबरले नाही. चिडले, खरं सांगते.

सगळं परत जोडून ताईंचं खातं बंद केलं, तसं बाकीच्यांचं लॉगिन सुरू झालं; त्यांच्या नावाच्या नोंदी मात्र येतच होत्या. शहाभाई खूश. ‘‘बस ना, झालं ना काम!’’

‘‘काम कसलं झालं? हे येतंय कुठून ते कुठे कळलंय?’’

पासवर्ड कोणाला दिला होता का, एवढंच विचारायला ताईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पाचव्यांदाही तेच. शहाभाईंकडे त्यांच्या गावच्या भाचीचा नंबर होता. ती म्हणाली, ‘‘मावशी आलीच नाय! आम्हाला वाटलं, रजा नाय मिळाली.’’

मी बॅग उचलली. शहाभाई म्हणाले, ‘‘थांबा, मी पण येतो.’’

ताई विक्रोळी पूर्वेला एकट्याच राहतात. दाराला आतून कडी. शेजारच्या कांबळेकाकी म्हणाल्या, ‘‘ती गावाला गेलीय ना?’’

‘‘काकी, बाहेर कुलूप नाहीये. दार तोडायचं.’’

काकींच्या मुलाने आणि शहाभाईंनी मिळून दार तोडलं. प्रवासाची बॅग भरून ठेवलेली, आणि ओट्याखाली ताई. उजवी बाजू पूर्ण लुळी, डोळे अर्धवट उघडे, श्वास चालू. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या.

ऑफिसात परत आल्यावर आधी सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या. दार तुटलं त्या सुमारालाच प्रयत्न थांबले होते.

ताईंना बोलता यायला बरेच आठवडे गेले. भेटायला गेले तेव्हा सर्व्हरबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. शहाभाईंनाही बजावलं होतं, त्यांना घाबरवू नका म्हणून. त्या स्वतःहूनच म्हणाल्या, अडखळत, ‘‘मी पडलेच नव्हते गं... मी ऑफिसात होते. माझ्या खुर्चीवर. उजवा हात उचलवत नव्हता, म्हणून डाव्या हाताने पासवर्ड टाकत होते. किती वेळा टाकला!’’

मी खुर्ची पुढे ओढली. विचारलं, ‘‘चुकत होता का ताई?’’

‘‘कसला चुकतोय? बरोबरच टाकत होते. कम्प्युटरच मला आत घेत नव्हता.’’

त्या नोंदी माझ्यापेक्षा जाणत्या लोकांना दाखवल्या. वायर नसलेल्या सर्व्हरपर्यंत ते पासवर्ड पोचले कसे, कोणालाच सांगता आलं नाही. मी अजून शोधतेय... पण खरं सांगू? कारण नाही मिळालं, तरी आता माझी तक्रार नाही.