काजेमावशींचं बीट

काजेमावशींचा जीव कधी एका जागी ठरला नाही. ठरायचा तो फक्त सुई हातात असताना. शिंप्याच्या दुकानात चाळीस वर्षं त्या हातानं काजं करत होत्या, इतकी की गल्लीला त्यांचं खरं नाव आठवत नव्हतं. आणि आता नेमका तो हातच दगा द्यायला लागला होता. सुई ओवायला तीन-तीन खेपा. सरळ जाणारा टाका थरथरून बाजूला पडायचा. आईचे हात म्हातारपणी असेच गेले होते; शेवटी घास भरवावा लागला. मावशींनी त्याचा धसकाच घेतला होता.

डॉक्टरीण म्हणाली, "पालक, बीट, अक्रोड, काळी द्राक्षं खात जा. त्यातले अँटिऑक्सिडंट म्हातारपणी मेंदूची झीज थोडी हळू करत असतील, असं म्हणतात. पण मावशी, हे औषध नव्हे."

मावशींना पहिलं तेवढंच ऐकू आलं. चार महिने त्यांनी बिटाचा असा फडशा पाडला की सून म्हणाली, "आई, भाजीवाली आता तुम्हाला लांबून बघूनच तराजू काढते." आणि गुण आला! तयार कोट आता त्या मुद्दाम हँगरवर जाऊन बघायच्या, तर काजं कशी एका रांगेत. मावशींनी अख्ख्या गल्लीला बीट खायला लावलं, पाठ धरलेल्यांनासुद्धा. चहाचा कप उचलताना बशी वाजायची ती वाजतच होती. तिकडे त्यांनी काणाडोळा केला.

एके दिवशी घाईत त्यांनी डब्यातलं बीट हातानंच खाल्लं आणि तशाच बोटांनी पांढऱ्या कोटाला बसल्या. संध्याकाळी घरी हात धुताना बोटांचा लाल रंग दिसला आणि पांढरा कोट आठवला. नवऱ्या मुलाचा कोट तो! चपला कशाबशा अडकवून मावशी उलट्या पावली दुकानात धावल्या.

कोट टांगलेला होता. काजं पांढरीशुभ्र.

"वाचले गं बाई," म्हणत त्या स्टुलावर टेकल्या. मग त्यांची नजर शिंपीमास्तरांच्या टेबलावर गेली. तिथे उसवलेल्या दोऱ्यांचा पुंजका पडला होता. गुलाबी.

"हे माझे टाके?"

मास्तरांनी पुंजक्यावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"किती दिवस उसवताय?"

"वर्ष झालं असेल."

बीट चार महिन्यांचं. म्हणजे गुण बिटाचा नव्हता, मास्तरांच्या बोटांचा होता. मावशींना राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"बोलला का नाहीत?"

"टाका घालायला मला तुम्ही शिकवलंत, मावशी. कुठल्या तोंडानं बोलू?"

मावशी उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. शेवटी म्हणाल्या, "एक चिंधी द्या. पाच काजं करते. उद्या डॉक्टरणीला दाखवायचीत."

मास्तरांनी सुई ओवून पुढे केली. मावशींनी दोरा ओढून काढला आणि स्वतः ओवायला घेतला. पाचव्या खेपेला ओवला. काजं झाली, पाचही वाकडी. मास्तरांनी सवयीनं कात्री उचलली.

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. "ही माझी आहेत."