लाईट गेली नव्हती

माझी सून ऑफिसात मॅनेजर आहे आणि शनिवार-रविवारी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. लग्नाआधीच तिने हे सांगितलं होतं. मला वाटलं, पोर झालं की सुटेल. सुटलं नाही. एका गिटारीच्या तीन झाल्या आणि ऑफिसातल्या चौघांचा बँड झाला.

हे लोक वाजवतात त्याला ब्लूज रॉक म्हणतात. मी विचारलं, "म्हणजे काय असतं?"

"रडगाणं असतं आई, पण तालात."

"मग एवढ्या मोठ्याने कशाला रडायचं? शेजारी तक्रार घेऊन येतात."

"हळू रडून कुणी येतं का?" ती म्हणाली. मी चौथी पास. मी उठून खिडक्या लावून घेतल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अल्बम करायचं ठरवलं. लाइव्ह. लोकांसमोर एकदा वाजवायचं, तेच रेकॉर्ड करायचं, मागाहून डागडुजी नाही. मला हे पटलं. भाजीचंही तसंच असतं, मीठ पडलं ते पडलं. आठ गाणी होती. त्यातलं सातवं सुनेचं स्वतःचं, शब्द नसलेलं, नुसती गिटार आणि मागे ड्रमचा हलका ठोका. तिचे वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती. सगळं आवरून तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसली. हे गाणं तिने त्यानंतर बसवलं. ते कशाचं आहे हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण स्वयंपाकघरात मला ते भिंतीतून वर्षभर ऐकू येत होतं, त्यामुळे ठाऊक होतं.

हॉल दिल्लीत करोल बागेत घेतला होता. करोल बाग माझी जुनी. नवरा सरकारी नोकरीत होता तेव्हा आम्ही तिथे बावीस वर्षं भाड्याने राहिलो. तेव्हा वीज रोज जायची, आणि ती गेली की गल्लीत पहिली आरोळी माझी असायची. माझा आवाज ऐकून लोक मेणबत्त्या शोधायला उठत.

आता आम्ही गुरुग्रामला राहतो, तिथून मेट्रोने गेलो. मुलगा दारात उभा राहून प्रत्येकाला मोबाइल बंद करायला लावत होता. आईचं तोंड बंद करायचं त्याला सुचलं नाही.

सहा गाणी दणक्यात झाली. सातव्याला सून एकटी पुढे आली. गिटार हळू हळू बोलायला लागली. मग सूर बारीक होत गेला आणि त्याच्याबरोबर हॉलमधले दिवेही मंद होत गेले. सुनेनेच तसं ठरवून ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी सूर नाही, ठोका नाही आणि दिवाही नाही. मी पूर्ण ताकदीने ओरडले,

"अगं बाई, लाईट गेली!"

हॉल हसला. अंधारातून सुनेचा आवाज आला, "गेली नाही आई, मी घालवली." लोक आणखी हसले. तिने गाण्याचा उरलेला भाग वाजवला, पण ते हसणाऱ्यांसमोर वाजवणं होतं.

आठवड्याने ड्रम वाजवणारा, तिच्या ऑफिसातला पंजाबी, रेकॉर्डिंग घेऊन घरी आला. माझं ओरडणं स्वच्छ आलं होतं, गिटारीपेक्षा स्वच्छ. तो खुशीत होता. "आंटीजी, आप तो स्टार हो गईं! एल्बम का नाम यही रखेंगे. लाईट गेली!"

सूनही हसली. मग उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "ते काढून टाक."

"निघत नाही आई. सगळ्या माइकमध्ये तुमचा आवाज शिरलाय. आणि राहू दे ना, लोकांना आवडेल."

"लोकांना मी आवडेन. तुझं वाजवणं कोण ऐकेल? तू वर्षभर घासलंस ते माझ्या एका ओरडण्यासाठी?"

ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "परत वाजवायचं तर परत लोक लागतील. कोण येणार एका गाण्यासाठी?"

"लोक मी आणते."

आमच्या सोसायटीच्या बागेत रोज सकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. तीसेक जण तरी असतात. मी जाहीर केलं, रविवारी दुपारी क्लबहाउसमध्ये गिटार आहे, नंतर समोसे आहेत. "बीच में जो बोलेगा, उसको समोसा नहीं मिलेगा." एकीने विचारलं, खाँसी आई तो? मी म्हटलं, घरी खोकून या.

सगळे आले. क्लबहाउस तळघरात आहे, दुपारीही दिवे लावावे लागतात. यावेळी दिवे मंद करायचे नाहीत असं मीच बजावलं होतं. सून वाजवायला लागली, मागे ड्रमवाला. कट्टा समोशाच्या धाकाने गप्प होता, पण थोड्या वेळाने धाकाची गरज उरली नाही. खोकणारीसुद्धा पुढे वाकून ऐकत होती. सूर वर चढला, अगदी टोकाला गेला, आणि तिथे लाईट गेली.

खरोखर गेली. संपूर्ण सोसायटीची. काळोख, आणि गिटार मुकी. माझ्या जिभेवर 'ला' येऊन उभा राहिला. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. ड्रमवाला थांबला नाही. त्याचा ठोका हळू, एकटा चालू राहिला. रेकॉर्डिंगचं यंत्र बॅटरीवर होतं, तेही चालू राहिलं. तीस म्हाताऱ्या माणसांतून एक हुंकार आला नाही.

मग जनरेटर लागला. सून डोळे मिटून उभी होती, गाल ओले. तिने सूर जिथे तुटला होता तिथूनच उचलला आणि शेवटपर्यंत नेला.

अल्बममध्ये हेच घेतलंय. मधल्या त्या जागेत गिटार नाही, नुसता ठोका आहे. कुणी कौतुक केलं की ड्रमवाला सांगतो, मुद्दाम ठेवलीय.

त्या दिवशी समोसे वाटताना सून माझ्याजवळ आली. "आई, आज खरी लाईट गेली आणि तुम्ही गप्प?"

मी तोंड उघडून तिला दाखवलं. पदराचा एक धागा अजून दातात अडकला होता.